चेन्नई: नगरसेवकाची वाट पाहणारं शहर

शनिवार, १९ फेब्रुवारी २०२२. शिवजयंतीची सकाळ. मैलापूरच्या ताईच्या घरी महाराजांच्या तसबिरीला चमेलीचा गजरा घालून झाला होता. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम उमटलं होतं आणि भावोजींच्या हातात फिल्टर कॉफीचा पितळी टंबलर वाफाळत होता. तेवढ्यात ताईकडे काम करणाऱ्या अक्का आल्या. रोजच्यासारख्या सरळ मोरीकडे न जाता दारातच थांबल्या. नवीकोरी साडी, केसांत फुलं, सोबत पंचविशीची लेक. ताईशी तामिळमध्ये काहीतरी बोलल्या आणि आल्या पावली परत फिरल्या.

‘‘लग्नाला निघाल्या का गं?’’ मी विचारलं.

‘‘लग्न कसलं! मतदानाला चालल्यात. म्हणतात, भांडी दहानंतर घासते, आधी मत देऊन येते.’’

‘‘एवढी घाई?’’

ताई हसली. ‘‘घाई नसेल तर काय! शेवटचं मत दिलं तेव्हा तिची ही लेक शाळेत होती. या शहरात नगरसेवक निवडून दहा वर्षं झाली.’’

मला वाटलं, ताई नेहमीप्रमाणे वाढवून सांगतेय. दहा वर्षं? आपल्याकडे पाच वर्षं झाली की भिंती रंगतात, बॅनर लागतात, नगरसेवक वाढदिवसाला लाडू पाठवतात. पण ताई खरंच सांगत होती. चेन्नईत याआधीचं महापालिकेचं मतदान झालं होतं ऑक्टोबर २०११मध्ये. त्या सभागृहाची मुदत २०१६च्या ऑक्टोबरात संपली. नवी निवडणूक जाहीर झाली होती, पण आरक्षणाच्या नियमांचं नीट पालन झालं नाही म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने मतदानाला दोन आठवडे असताना ती रद्द केली. मग प्रभागरचना, मग पुन्हा आरक्षण, मग कोर्ट, मग कोरोना... साठ लाखांहून अधिक मतदारांच्या या शहरात पाच वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता!

मी मोठ्याने हसले. ‘‘आमच्याकडे असं चालायचं नाही हं,’’ असंही म्हणाले. ते हसू नंतर मला चांगलंच महागात पडलं. पण ते शेवटी सांगते.

आतलं राज्य

अक्कांच्या पाठोपाठ आम्हीही निघालो. मत अर्थात ताई-भावोजींचं, मी नुसती बघी. मैलापूर म्हणजे चेन्नईचं गिरगाव किंवा सदाशिव पेठ म्हणा. कपालीश्वराचं गोपुर, त्यामागचा तलाव, देवळाभोवतालच्या चार माडा वीधी, फुलांच्या टोपल्या, पितळेची दुकानं. त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी पक्षांची टेबलं लागली होती. उगवता सूर्य, दोन पानं, कमळ, हात... चिन्हं ओळखीची होती, अक्षरं मात्र माझ्यासाठी सगळीच जिलबी.

एका फलकावर बोट ठेवून मी भावोजींना विचारलं, ‘‘हे काय लिहिलंय?’’

‘‘उळ्ळाट्ची. म्हणजे स्थानिक स्वराज्य. उळ् म्हणजे आत, आट्ची म्हणजे राज्य. आतलं राज्य!’’

किती छान शब्द! आपला ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा शब्द उच्चारताना आधी श्वास भरून घ्यावा लागतो. इथे दोन शब्द एकत्र केले आणि झालं. दिल्लीचं राज्य बाहेरचं, फोर्ट सेंट जॉर्जमधलं राज्य वरचं आणि आपल्या गल्लीतल्या गटाराचं, दिव्याचं, कचऱ्याचं राज्य आतलं.

केंद्र एका शाळेत होतं. रांगेत ताईच्या सोसायटीतले मोजून चार चेहरे दिसले. बाकी सगळी रांग अक्कांसारख्या बायकांची, मच्छीमारांची, रिक्षावाल्यांची, फुलवाल्यांची. भावोजी कुजबुजले, ‘‘आमच्या इमारतीत सव्वीस बिऱ्हाडं आहेत. शनिवार-रविवार जोडून आले म्हणून निम्मी मंडळी महाबलीपुरमला गेलीत!’’

संध्याकाळी आकडे आले, तेव्हा भावोजींचं म्हणणं खरं ठरलं. राज्यात सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि चेन्नईत जेमतेम ४३ टक्क्यांच्या वर. राज्यातली सगळ्यात कमी टक्केवारी राजधानीची! दहा वर्षांनी हक्क परत मिळाला आणि शंभरातली छप्पन माणसं घरी बसली.

अक्का मात्र बाहेर आल्या त्या बोटाची शाई मिरवत. मी ताईकरवी विचारलं, ‘‘आमदार आहे, खासदार आहे, मग नगरसेवक कशाला हवा?’’ अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी मीठ कशाला हवं असं विचारलंय.

‘‘आमदाराच्या घरी गाडीने जावं लागतं, अम्मा. नगरसेवकाच्या घरी चालत जाता येतं.’’

अक्का समुद्राकाठच्या एका वस्तीत राहतात. तीन मजली जुनी चाळ, खाली गटार. मधल्या पाच वर्षांत ते गटार तुंबलं की त्या कार्यालयात जायच्या. तिथला साहेब दर वेळी नवा. आधीच्याला सांगितलेलं पुढच्याला ठाऊक नाही. ‘‘साहेब वाईट नव्हते,’’ अक्का म्हणाल्या, ‘‘पण त्यांना माझी भीती नव्हती.’’

लोकशाहीवरची जाडजूड पुस्तकं वाचूनही जे कळत नाही, ते या बाईने एका वाक्यात सांगितलं होतं.

महाराजांची काळिकांबा

दुपारी जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, ‘‘आज शिवजयंती. चल, तुला महाराजांच्या देवीला घेऊन जाते.’’

जुन्या चेन्नईचा गाभा म्हणजे जॉर्ज टाउन. तिथल्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळ मंदिर आहे. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी सामानाची आणि कागदाची गोदामं, हातगाड्यांची झुंबड. मधेच एक गोपुर उभं राहतं. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज वेश पालटून इथे देवीच्या दर्शनाला आले होते, असं या मंदिराची परंपरा सांगते. खुद्द मंदिरात त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. पुढे तामिळ कवी सुब्रमण्य भारतीही या देवीचे भक्त होते. मराठी माणसाला तिथे उभं राहिलं की उगाच घरी आल्यासारखं वाटतं.

या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट सेंट जॉर्ज. महाराज या मुलखातून गेले आणि जेमतेम अकरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १६८८ रोजी, या किल्ल्याच्या आश्रयाने मद्रास महापालिका सुरू झाली. ब्रिटनबाहेर, सगळ्या राष्ट्रकुलात याहून जुनी महापालिका नाही! इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत डिसेंबर १६८७मध्ये तिची सनद निघाली होती.

कंपनीला अचानक लोकशाहीचा पुळका आला होता, असं मात्र समजू नका. कंपनीचे लंडनमधले कर्तेधर्ते सर जोसाया चाइल्ड यांचा हिशेब सरळ होता. कंपनीने कर लावला, तर लोक ओरडतील. त्यांच्यातल्याच प्रतिष्ठितांच्या मंडळाने लावला, तर मुकाट्याने भरतील. म्हणून नथॅनियल हिगिन्सन हे पहिले महापौर झाले आणि मंडळात इंग्रजांबरोबर पोर्तुगीज नि हिंदू व्यापारीही बसवले. नगरभवन, तुरुंग आणि शाळा बांधण्यासाठी पैसा उभारायचा होता. लोकांनी काय करावं? कर द्यायलाच खळखळ केली! ‘आमच्यातले असले म्हणून काय झालं, आम्ही कुठे निवडलंय त्यांना?’ असंच त्या बिचाऱ्यांना वाटलं असणार.

पांढराशुभ्र महाल

मंगळवारी, २२ फेब्रुवारीला मतमोजणी झाली. २००पैकी १५३ प्रभाग एकट्या द्रमुकने जिंकले. मित्रपक्ष काँग्रेसला १३. अण्णाद्रमुकच्या वाट्याला अवघे १५. भाजपला एक जागा मिळाली, ती पश्चिम मांबलममधली. त्या दिवशी भावोजी मला रिपन बिल्डिंग दाखवायला घेऊन गेले.

चेन्नई सेंट्रल स्टेशनमधून बाहेर पडलं की एका बाजूला स्टेशनची लाल इमारत आणि पलीकडे हा पांढराशुभ्र महाल. मधोमध घड्याळाचा मनोरा. १९०९ साली लॉर्ड मिंटो यांनी पायाभरणी केली आणि १९१३ साली लॉर्ड हार्डिंग यांनी उद्घाटन. लोगनाथ मुदलियार या कंत्राटदाराने ती बांधली. आपल्या बोरीबंदरसमोरची मुंबई महापालिकेची इमारत दगडी, टोकदार, जरा गंभीर. ही मात्र नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. स्टेशनसमोर महापालिका हा योग दोन्ही शहरांत सारखाच!

नाव लॉर्ड रिपन यांचं. तेही योग्यच. १८ मे १८८२च्या त्यांच्या ठरावाने हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचं दार किलकिलं झालं. त्याआधीही आपल्याकडे माणसं या कामात होतीच. महात्मा फुले १८७६पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पण रिपन यांच्या ठरावानंतर लोकांनी निवडलेला सभासद ही गोष्ट हळूहळू रुजू लागली.

इमारतीच्या आवारात सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचा पुतळा आहे. साड्यांसाठी बायका ज्या टी. नगरला गर्दी करतात, त्या ‘टी’चे मालक हेच. त्यागराय नगर! महापालिकेचे हे पहिले बिनसरकारी अध्यक्ष. १९२० साली त्यांच्या कारकिर्दीत महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना खाऊ द्यायचं ठरवलं. अट एकच, एका मुलामागे दिवसाला एक आण्याहून जास्त खर्च नको. गरिबाघरची पोरं शाळेत टिकावीत म्हणून केलेली ही युक्ती. पुढे कामराज यांनी ती राज्यभर नेली, १९८२ साली एमजीआर यांनी तिचा विस्तार केला, १९९५ साली ती देशाची योजना झाली. आपल्या खेड्यापाड्यांत शाळेत खिचडीचं पातेलं चढतं ना? त्याची एक ठिणगी या महापालिकेच्या एका शाळेत पडली होती.

आणखी एक नाव, सत्यमूर्ती. काँग्रेसचे फर्डे वक्ते. १९३९ साली महापौर झाले. मद्रासला पाण्याची ओरड तेव्हाही होती. दुसरं महायुद्ध सुरू असताना त्यांनी पूंडीला जलाशय बांधायचा ध्यास घेतला. १९४०मध्ये पायाभरणी झाली, १९४४ला काम पूर्ण झालं. सत्यमूर्ती मात्र ते पाहायला राहिले नाहीत. १९४३मध्येच ते गेले. जलाशयाला त्यांचं नाव आहे, सत्यमूर्ती सागर.

तेव्हाचा महापौर शहरासाठी तलाव बांधू शकत होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे गोष्ट उलटी फिरते.

तेवीस वर्षांची झोप

‘‘तू दहा वर्षांना हसतेस,’’ रिपन बिल्डिंगसमोर उभे राहून भावोजी म्हणाले, ‘‘मी या शहरात नोकरीला आलो १९८४ साली. बारा वर्षं मला नगरसेवक हा प्राणीच दिसला नाही. इथल्या लोकांना तर तो तेवीस वर्षं दिसला नव्हता!’’

खरी गोष्ट आहे. १९५९ साली द्रमुकने ही महापालिका काँग्रेसच्या हातून काढून घेतली आणि आठ वर्षांनी, १९६७ला, राज्यही जिंकलं. (शिवसेनेने १९८५ साली मुंबई महापालिका घेतली आणि १९९५ साली मंत्रालय गाठलं, तसाच हा प्रवास. महापालिकेचा जिना थेट वरच्या मजल्यावर जातो, हे राजकारण्यांना बरोबर ठाऊक असतं.) पण १९७३मध्ये मस्टर घोटाळा गाजला. हजेरीपटावर खोटे मजूर आणि त्यांच्या नावावर खरे पगार! सभागृह बरखास्त झालं. चोर पकडायचे सोडून घरच कुलूपबंद केलं म्हणा ना. ते कुलूप निघालं थेट १९९६ साली. मधल्या काळात कुणीही मुख्यमंत्री आलं, तरी मद्रासच्या जनतेला ‘आतलं राज्य’ परत द्यायची घाई कुणालाच नव्हती.

आणि याच तेवीस वर्षांत मोठी गंमत झाली. १९७८ साली पाणी आणि सांडपाण्यासाठी वेगळं मंडळ स्थापन झालं. चेन्नईकर त्याला मेट्रोवॉटर म्हणतात. शहराच्या नियोजनासाठी सत्तरच्या दशकातच वेगळं प्राधिकरण आलं. महापालिका आपल्या घरात नव्हती, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या चाव्या दुसऱ्याकडे गेल्या. १९९६ला नगरसेवक परत आले, चाव्या आल्या नाहीत. मुंबईची महापालिका आपले तलाव, आपलं पाणी स्वतः सांभाळते. चेन्नईचा नगरसेवक पाण्यासाठी मंडळाला विनंती करतो! नळाला पाणी आलं नाही म्हणून अक्का ज्याचं दार वाजवणार, त्याच्या हातात मुळी नळच नाही.

याचं टोक दिसलं २०१९च्या उन्हाळ्यात. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे. जुलैत जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पाण्याची गाडी चेन्नईला आली. एका खेपेला पंचवीस लाख लिटर! २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आपण विसरलेलो नाही. तशीच ही. ताईच्या इमारतीने टँकर विकत घेतले. अक्का प्लॅस्टिकचे रंगीत घडे घेऊन पहाटे तीन वाजता रांगेत. ‘‘तेव्हा नगरसेवक असता तर काय केलं असतं?’’ मी विचारलं. ताई म्हणाली, ‘‘पाऊस पाडला नसता. पण टँकर आमच्या गल्लीत कधी आणि त्यांच्या गल्लीत कधी, हे विचारायला एक माणूस असता.’’

१९९६ हे वर्ष मात्र या शहराच्या पत्रिकेत राजयोगाचं. त्याच वर्षी मद्रासचं नाव चेन्नई झालं आणि त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक झाली. लोकांनी थेट निवडलेले पहिले महापौर झाले करुणानिधींचे चिरंजीव एम. के. स्टॅलिन. भावोजींनी चाळिशीत पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत दिलं. उड्डाणपुलांची मालिका उभी राहिली, ‘सिंगार चेन्नई’ म्हणजे ‘सुंदर चेन्नई’ ही घोषणा घरोघरी पोचली. २००१ला स्टॅलिन पुन्हा निवडून आले, पण एका व्यक्तीला दोन पदं नकोत असा कायदा जयललितांच्या राजवटीत झाला आणि २००२ साली त्यांना महापौरपद सोडावं लागलं. पुढे २०२१मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पुन्हा तोच जिना!

नगरसेवक असले की सगळं आलबेल होतं, असं मात्र मुळीच नाही. डिसेंबर २०१५च्या महापुरात सभागृह होतं, तरी शहर बुडालंच. डिसेंबर २०२३च्या मिचाँग वादळातही नगरसेवक होते आणि लोकांनी त्यांना तुंबलेल्या पाण्यात उभं करून जाब विचारला. उलट, पाँडी बझारचा देखणा पादचारी मार्ग २०१९ला प्रशासकाच्या काळात तयार झाला. साहेब रस्ता उत्तम करतात. फक्त रस्ता कुठे हवा, हे त्यांना कुणी विचारू शकत नाही.

हजार वर्षांपूर्वीचं मतदान

‘‘निवडणुकीचं एवढं वेड लागलंय तर तुला उत्तिरमेरूर दाखवतो,’’ भावोजी म्हणाले. रविवारी पहाटे गाडी काढली. चेंगलपट्टूमार्गे साधारण नव्वद किलोमीटर. वाटेत भातखाचरं, ताडाची झाडं आणि हॉटेलातलं तुपाळ पोंगल. गाव छोटं, तलाव मोठा. गावात वैकुंठ पेरुमाळ मंदिर आहे. त्याच्या मंडपाच्या दगडी जोत्यावर बारीक तामिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या. दहाव्या शतकातल्या चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१च्या सुमाराचे हे लेख म्हणजे चक्क निवडणुकीची नियमावली!

गावाचे तीस प्रभाग. प्रत्येक प्रभागातून लायक माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, ती मडक्यात टाकायची, मडकं हलवायचं आणि सगळ्या गावासमोर एका अजाण मुलाने त्यातून चिठ्ठी काढायची. या पद्धतीला नाव ‘कुडवोलै’, म्हणजे मडक्यातलं पान. निवडलेली माणसं ३६० दिवस काम पाहणार. बारा जण वार्षिक समितीत, बारा बागांच्या आणि सहा तलावाच्या समितीत. पाण्याची समिती तेव्हाही वेगळी होती, पण ती गावाचीच होती.

अटी वाचून तर मी चाटच पडले. वय पस्तीस ते सत्तरच्या मध्ये. मागच्या तीन वर्षांत पद भूषवलेलं नसावं. आणि ज्याने आधीच्या कामाचा हिशेब दिला नाही, तो तर बादच, त्याचे नातेवाईकही बाद! ही एक अट आज लावली तर किती प्रभागांत उमेदवार मिळतील, हा हिशेब वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा.

पण तिथे उभं राहून माझ्या मनात दुसराही विचार आला. त्या नियमांत आणखी अटी होत्या. उमेदवाराची स्वतःची कर भरणारी जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वेदशास्त्रांचं ज्ञान हवं. ही ब्राह्मणांच्या गावाची सभा होती. अक्कांचं नाव त्या मडक्यात कधीच पडलं नसतं. माझंही नाही. दगडावर कोरलेल्या त्या सुंदर नियमावलीला बाईची आणि दलिताची सावलीही चालली नसती.

अठ्ठावीस वर्षांची महापौर

म्हणूनच ४ मार्च २०२२ची सकाळ मला विसरता येत नाही. ताईच्या घरी टीव्हीसमोर आम्ही सगळे बसलो होतो. भांडी अर्धवट टाकून अक्काही पदराला हात पुसत उभ्या. रिपन बिल्डिंगच्या सभागृहात आर. प्रिया महापौरपदाची शपथ घेत होत्या. वय अठ्ठावीस, शिक्षण एम.कॉम., उत्तर चेन्नईच्या प्रभागातून निवडून आलेल्या. सव्वातीनशे वर्षांहून जुन्या या महापालिकेच्या पहिल्या दलित महिला महापौर. तारा चेरियन १९५६ साली इथल्या पहिल्या महिला महापौर झाल्या होत्या, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कामाक्षी जयरामन. त्यानंतर थेट या. म्हणजे तिसऱ्या!

टीकाकार म्हणतील, पद राखीव होतं, घरात पक्षाचा वारसा होता, महापौर लोकांनी थेट निवडलेला नाही, नगरसेवकांनी निवडलाय. सगळं खरं. तामिळनाडूने स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना दिल्यात, तशा आपल्या महाराष्ट्रानेही २०११पासून दिल्या आहेत. खुर्चीमागून नवरा किंवा सासरा कारभार करतो, ही तक्रारही दोन्हीकडे सारखी. पण महापौरांचा तो भरजरी झगा आणि सोन्याची साखळी त्या मुलीच्या अंगावर पाहताना अक्कांचे डोळे कसे लकाकले, ते मी पाहिलं. २०११ला मतदान झालं, तेव्हा ही मुलगी सतरा-अठराची असेल. ज्या शहराने तिला मत देण्याची संधीच दिली नव्हती, त्या शहराची ती प्रथम नागरिक झाली होती.

‘‘उत्तरेकडची आहे,’’ अक्का म्हणाल्या. चेन्नईत उत्तर म्हणजे कारखाने, गोदी, झोपड्या, उग्र वास. दक्षिण म्हणजे मैलापूर, अड्यार, संगीत सभा. ‘‘तिला गटार माहीत असेल.’’

उपरती

मी परत आले आणि आठवड्याभरात माझं हसू मावळलं. मार्च २०२२मध्ये आमच्या शहराच्या महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झालीच नाही. प्रभागरचना, आरक्षण, कोर्ट... शब्दसुद्धा तेच! माझं शहर कुठलं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मुंबई म्हणा, पुणे म्हणा, ठाणे, नाशिक, नागपूर म्हणा. सगळीकडे प्रशासक बसले. २०१७ साली मत दिलेल्या आपण सगळ्यांनी पुढचं मत दिलं ते थेट १५ जानेवारी २०२६ला. जवळजवळ चार वर्षं आपल्या गल्लीचं ‘आतलं राज्य’ बाहेरून चाललं होतं.

त्या चार वर्षांत आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण फुटलं. आधीच्या नगरसेवकाला फोन केला, तर म्हणाला, ‘‘वहिनी, मी आता माजी.’’ कार्यालयात गेले, तर साहेब नवे. त्यांनी अर्ज घेतला, नम्रपणे पाणीही विचारलं. साहेब वाईट नव्हते. पण...

अक्कांचं वाक्य आठवलं आणि मान खाली गेली.

ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, ‘‘अक्कांकडे देते फोन.’’ मोडक्यातोडक्या हिंदीत अक्कांनी विचारलं, ‘‘अम्मा, आपका कब है?’’ मला उत्तर देता आलं नाही.

या जानेवारीत मात्र सकाळी सातला उठले. ठेवणीतली साडी काढली, केसांत गजरा माळला. ह्यांनी विचारलं, ‘‘एवढ्या सकाळी कुणाचं लग्न?’’

म्हटलं, ‘‘लग्न कसलं! मतदानाला चाललेय. चहा दहानंतर मिळेल.’’